हरवलेल्या आवाजाची जागा

मागच्या महिन्यात घर रंगवायला काढलं तेव्हा माळ्यावरून कॅसेटचं एक खोकं खाली आलं. रंगारी म्हणाला, "साहेब, हे टाकायचं का?" मी नाही म्हणालो आणि तिथेच जमिनीवर ते उघडून बसलो. दोन कॅसेट हाताला लागल्या. एकीवर निळ्या बॉलपेनने लिहिलेलं होतं, 'अँबियंट डब, ट्रायबल'. ही मी १९९६ साली गोव्यात, अंजुण्याच्या बुधवारच्या बाजारात एका परदेशी माणसाकडून घेतली होती. दुसरीवर माझ्याच अक्षरात लिहिलं होतं, 'आजी, ओव्या'.

या दोन कॅसेटींचा एकमेकींशी काही संबंध असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. आता वाटतं. तोच सांगायचा आहे, पण त्यासाठी थोडं लांबून यावं लागेल.

आधी पहिली कॅसेट. ज्यांनी हे संगीत ऐकलेलं नाही त्यांना ते शब्दांत सांगणं अवघड, तरी प्रयत्न करतो. सुरुवातीला जवळजवळ काहीच नसतं. पाऊस किंवा रातकिडे, आणि तानपुऱ्यासारखा न संपणारा एक सूर. मग खालून बास येतो. संथ, गोल, कानापेक्षा छातीला आधी कळणारा. त्यावर हाताने वाजवलेले ढोल. मध्येच एखादा ठोका सुटतो आणि घुमत घुमत लांब निघून जातो... (गावाकडे मंडपवाल्याने इको वाढवला की 'हॅलो, हॅलो' कसं घुमत राहतं, तसं. फक्त इथे कुणीतरी ते हिशेबाने केलेलं असतं.) आणि बऱ्याच वेळाने कुठूनतरी दुरून एक बाई गायला लागते. भाषा कळत नाही. कॅसेटची बाजू संपून खटका वाजतो तेव्हा लक्षात येतं की अर्धा तास आपण खोलीत नव्हतोच.

मी तेव्हा हॉस्टेलवर होतो. एका खोलीत आम्ही तिघं, परीक्षा डोक्यावर, आणि रात्री दिवे मालवून ही कॅसेट. तिघांपैकी कुणीच बोलायचं नाही. या बुडून जाण्याचं मला पुढे बरीच वर्षं कोडं होतं. एरवी गाण्यात आपण शब्द धरून चालतो, चाल धरून चालतो. इथे धरायला काहीच नाही. मग एवढी ओढ कशाची?

उत्तराच्या शोधात मी या संगीताचा इतिहास मिळेल तिथून वाचत गेलो. 'ट्रायबल' म्हटल्यावर मला वाटलं होतं की उगम एखाद्या जंगलात सापडेल. सापडला तो एका शहरात, रेडिओ दुरुस्त करणाऱ्या माणसाच्या घरी.

जमैकाची राजधानी किंग्स्टन. साठच्या दशकात तिथे साउंड सिस्टीमचं मोठं प्रस्थ होतं. आपल्याकडे गणपतीत स्पीकरच्या भिंती लावतात ना, साधारण तसंच. मैदानात भलेमोठे स्पीकर, एक जण रेकॉर्डी लावणार, एक माईकवर बोलणार आणि लोक रात्रभर नाचणार. दुसऱ्याकडे नाही अशी रेकॉर्ड आपल्याकडे असावी यासाठी प्रत्येकाची धडपड. १९६७-६८ च्या सुमारास रडी रेडवूड नावाच्या एका साउंड सिस्टीमवाल्यासाठी ट्रेझर आयल स्टुडिओत 'पॅरागॉन्स' या गायकांच्या एका गाजलेल्या गाण्याची प्रत तयार होत होती. ध्वनिमुद्रक बायरन स्मिथ यांच्याकडून त्या प्रतीत गायकांचा आवाज घालायचा राहून गेला. रेडवूडने ती तशीच नेली. रात्री आधी मूळ गाणं लावलं आणि पाठोपाठ ही आवाज नसलेली प्रत. लोकांनी काय केलं? रिकाम्या जागेत ते स्वतःच गायला लागले. सगळं मैदान!

या चुकीची कला झाली ती ओस्बर्न रडॉक यांच्या हातून. जग त्यांना किंग टबी म्हणून ओळखतं. जन्म १९४१ चा, धंदा रेडिओ आणि अँप्लिफायर दुरुस्तीचा, स्वतःची साउंड सिस्टीम स्वतःच बांधलेली. वॉटरहाउस नावाच्या गरीब वस्तीतल्या घरात त्यांनी छोटासा स्टुडिओ थाटला. चार ट्रॅकचं एक जुनं मिक्सर कुठूनतरी मिळवलं. नवीन वादक बोलवायचे नाहीत, नवीन चाल बांधायची नाही. आधीच मुद्रित झालेलं गाणं घ्यायचं आणि त्यातून एकेक गोष्ट काढून टाकायची. आवाज काढला, गिटार काढली, उरला बास आणि ड्रम. मग गायकाचा एखादा अर्धा शब्द क्षणभर आत सोडायचा, तो टेपच्या इकोत फिरवायचा आणि विरू द्यायचा. रिव्हर्बच्या पेटीत स्प्रिंग असते. तिला धक्का दिला की ढग गडगडल्यासारखा आवाज होतो, तोही त्यांनी वापरला. या प्रकाराला नाव पडलं 'डब'. मिक्सर हे वाद्य असू शकतं हे दाखवणाऱ्या पहिल्या काही माणसांपैकी हे एक. १९८९ च्या फेब्रुवारीत घराबाहेरच त्यांना कुणीतरी गोळ्या घातल्या.

मला इथे एक गोष्ट महत्त्वाची वाटते. टबींच्या डबमध्ये जो आवाज गायब असायचा, तो कुणाचा हे ऐकणाऱ्याला ठाऊक असायचं. गाणं गल्लीतलं, गायक ओळखीचा. रिकामी जागा होती, पण ती एका विशिष्ट माणसाची रिकामी जागा होती. सणाला जेवायला बसल्यावर एखादा पाट रिकामा असावा आणि तो कुणाचा हे सगळ्यांना माहीत असावं, तसं. बुडून जाण्याची ओढ निदान माझ्यापुरती मला इथे सापडली. जिथून काहीतरी उठून गेलेलं आहे तिथे आपण आपोआप आत शिरतो.

आता ढोल. तेही किंग्स्टनचेच. रास्ताफारी पंथाच्या वस्त्यांवर 'नायबिंगी' नावाचं ढोलवादन चालायचं, अजूनही चालतं. ढोल तीन. एक मोठा बास, एक 'फुंडे', जो हृदयाच्या ठोक्यासारखा जोडठोका धरून ठेवतो, आणि एक 'रिपीटर', जो वरती बोलतो. आफ्रिकेतून गुलाम म्हणून जहाजात कोंबून आणलेल्या माणसांनी मागे उरलेल्या आठवणींतून जपलेली ही गोष्ट. काउंट ऑसी हे या वादनाचे मोठे नाव. १९६० च्या आसपास त्यांच्या वादकांनी 'ओह कॅरोलिना' या गाण्यात हे ढोल पहिल्यांदा बाजारातल्या रेकॉर्डवर आणले. म्हणजे जमैकात हे 'ट्रायबल' वगैरे काही नव्हतं. हिसकावून घेतलेलं थोडंसं परत मिळवणं होतं.

या संगीताचा दुसरा झरा युरोप-अमेरिकेतला. १९७५ साली ब्रायन ईनो हा इंग्रज संगीतकार अपघातानंतर अंथरुणाला खिळलेला होता. भेटायला आलेल्या मैत्रिणीने आणलेली हार्पची रेकॉर्ड लागली, पण आवाज अगदी बारीक राहिला. उठून वाढवण्याची ताकद नव्हती. बाहेर पाऊस पडत होता आणि संगीत त्या पावसात मिसळून गेलं. असंही ऐकता येतं हे त्याला तेव्हा कळलं आणि १९७८ साली विमानतळासाठी म्हणून केलेल्या त्याच्या अल्बमने 'अँबियंट' हा शब्द रूढ केला. (पुन्हा एक चूक, पुन्हा एक उणीव. या संगीताचं नशीबच तसं दिसतंय.)

आणि इथे आपल्या घराजवळचा एक धागा येतो. जॉन हॅसल नावाचा अमेरिकन ट्रंपेटवादक होता. कलोनला श्टॉकहाउजेनकडे शिकलेला, म्हणजे युरोपातल्या अगदी अवघड नव्या संगीतात मुरलेला. सत्तरच्या दशकात तो पंडित प्राणनाथांकडे शिकू लागला. प्राणनाथ किराणा घराण्याचे, अब्दुल वहीद खाँसाहेबांचे शिष्य. मिरजेचे अब्दुल करीम खाँ आणि पुण्याचे भीमसेनजी ज्या घराण्याचे, तेच हे घराणं. एकेका स्वरावर थांबायचं, तो आतून उलगडत न्यायचा, घाई म्हणून करायची नाही. हॅसलने ही मींड, हा ठहराव ट्रंपेटवर आणण्याचा ध्यास घेतला. त्याचा आवाज ऐकून हे ट्रंपेट आहे असं सांगावं लागतं. १९८० साली ईनोबरोबर त्याने 'फोर्थ वर्ल्ड' नावाचा अल्बम केला. कुठल्याच नकाशावर नसलेल्या देशाचं संगीत, अशी कल्पना. पुढे निघालेल्या अशा सगळ्या संगीताचं हे आजोळ म्हणायला हरकत नाही.

पण नकाशावर नसलेल्या देशाची एक अडचण असते. तिथे राहणाऱ्या माणसांना नावं नसतात. हॅसलच्या १९८१ च्या पुढच्या अल्बममागे मलायातल्या सेनोई आदिवासींची एक गोष्ट होती. रोज सकाळी घरातली माणसं एकमेकांना स्वप्नं सांगतात आणि त्यावर त्यांचं आयुष्य चालतं, असं किल्टन स्टुअर्ट नावाच्या गृहस्थांनी लिहून ठेवलं होतं. पुढे १९८५ साली विल्यम डॉमहॉफ यांनी तपासून दाखवलं की यातलं बरंचसं स्टुअर्टसाहेबांनी रंगवलेलं होतं. अल्बम तरीही सुंदर आहे. मी आजही ऐकतो. पण त्यातले सेनोई मलायात कमी आणि ऐकणाऱ्याच्या डोक्यात जास्त राहतात.

त्याच १९८१ साली ईनो आणि डेव्हिड बर्न यांचा 'माय लाइफ इन द बुश ऑफ घोस्ट्स' निघाला. त्यात रेडिओवरचे प्रवचनकार, लेबनॉनच्या डोंगरातली एक गायिका, कुराणपठण असे कुठून कुठून घेतलेले आवाज ठेक्यांवर बसवलेले होते. कुराणपठणावर आक्षेप आल्यावर पुढच्या आवृत्त्यांतून तो तुकडा काढून टाकावा लागला. आणि त्याच वर्षी लंडनमध्ये एड्रियन शेरवूड या ध्वनिमुद्रकाने 'आफ्रिकन हेड चार्ज' या नावाने अल्बम काढला, शीर्षक होतं 'माय लाइफ इन अ होल इन द ग्राउंड'. शीर्षकातला टोमणा उघड आहे. इथे ढोल वाजवणारे बोंजो इयाबिंगी नोआ मूळचे जमैकाचे, नायबिंगी ऐकत आणि वाजवत वाढलेले. माझ्या मते 'आदिवासी छटेचा अँबियंट डब' म्हणतात त्याची खरी सुरुवात ही. आणि या सुरुवातीला ढोल वाजवणारा माणूस स्वतः खोलीत हजर होता, रेकॉर्डवर त्याचं नाव होतं.

पुढची दहा वर्षं भराभर सांगतो. ब्रिटनमध्ये क्लबांचा जमाना आला. रात्रभर नाचून दमलेल्या पोरांना टेकायला जागा हवी. १९८९ साली लंडनच्या 'हेवन' क्लबात अ‍ॅलेक्स पॅटरसन आणि जिमी कॉटी वरच्या खोलीत ठेक्याशिवायचं, तरंगणारं काहीबाही लावू लागले. 'द ऑर्ब' हे या दोघांचंच. १९९२ साली त्यांनी 'ब्लू रूम' नावाचं जेमतेम चाळीस मिनिटांच्या आतलं 'सिंगल' काढलं, कारण चाळीस मिनिटांच्या वर गेलं तर नियमाप्रमाणे ते सिंगल धरलं गेलं नसतं. आणि ते ब्रिटनच्या यादीत आठव्या क्रमांकावर गेलं! त्याच वर्षी बर्मिंगहॅमच्या 'बियाँड' कंपनीने 'अँबियंट डब' याच नावाची संकलनं काढायला सुरुवात केली. 'बँको द गाया', 'लूप गुरू' वगैरे मंडळी याच काळातली. टबींचा बास आला, ईनोचं धुकं आलं. आणि मधल्या रिकाम्या जागेत, जिथे एकेकाळी किंग्स्टनचा ओळखीचा गायक असायचा तिथे, कुठल्यातरी ध्वनिसंग्रहातून उचललेला एक आवाज येऊन बसू लागला. शक्यतो न कळणाऱ्या भाषेतला. समुद्रकिनाऱ्यावरच्या पार्ट्या करत ते सगळं अंजुण्याला पोचलं आणि तिथून माझ्या हॉस्टेलच्या खोलीत.

माझ्या कॅसेटवर दुरून गाणारी जी बाई होती, तिचं गाणं मला सगळ्यात प्रिय. माझी मुलगी तान्ही असताना मी तिला कित्येक रात्री ते लावून झोपवलं आहे. अंगाई आहे हे न सांगता कळत होतं. आफ्रिकेतलं असावं असं मी धरून चाललो होतो.

ती बाई आफ्रिकेतली नव्हती. तिचं नाव अफुनाक्वा. प्रशांत महासागरातल्या सॉलोमन बेटांपैकी मलाइता बेटावर राहणारी, बाएगू समाजाची. ह्युगो झेंप या संगीत-अभ्यासकांनी १९७० च्या सुमारास तिचं 'रोरोग्वेला' हे गाणं मुद्रित केलं, तिचं नाव नोंदवून ठेवलं आणि १९७३ साली ते युनेस्कोच्या रेकॉर्डमालिकेत निघालं. १९९२ साली 'डीप फॉरेस्ट' या फ्रेंच जोडीने ते ठेक्यावर बसवून 'स्वीट ललबाय' म्हणून काढलं. अल्बम लाखांनी खपला. गाणं जाहिरातींत वाजलं. अल्बमवर अफुनाक्वाचं नाव कुठेही नव्हतं. अल्बमची सगळी भाषा मध्य आफ्रिकेतल्या पिग्मींची, त्यामुळे माझ्यासारख्या असंख्यांनी तिला आफ्रिकेत नेऊन ठेवलं. यान गारबारेकसारख्या थोर सॅक्सोफोनवादकाने १९९६ साली तीच चाल वाजवली आणि नाव दिलं 'पिग्मी ललबाय'. त्याच वर्षी झेंप यांनी या सगळ्या व्यवहाराविषयी जाहीर नाराजी लिहिली. २००० साली स्टीव्हन फेल्ड यांनी एका दीर्घ निबंधात हा सारा प्रवास मांडला, गाण्याच्या अर्थासह.

आणि तो अर्थ! आईबाप गेल्यावर रडणाऱ्या धाकट्या भावाला मोठं भावंड समजावतंय, असं ते गाणं आहे. अनाथांची अंगाई. माझ्या मुलीच्या पाळण्याशी मी वर्षभर हे लावत होतो. हे वाचलं त्या रात्री मला नीट झोप आली नाही. मुलगी तेव्हा शाळेत जायला लागली होती. उठून तिच्या अंगावरचं पांघरूण सारखं करून आलो.

बरं, यात कुणाला खलनायक ठरवावं असं मला वाटत नाही. डीप फॉरेस्टच्या त्या दोघांनाही त्या आवाजाने ओढलंच असणार, जसं मला ओढलं. पण किंग्स्टनच्या मैदानात आवाज काढून घेतला होता आणि माणूस शिल्लक होता. इथे आवाज ठेवला आणि माणूस काढून टाकला. कानाला दोन्हीकडे तीच पोकळी जाणवते, तीच ओढ लागते. फरक ऐकून कळत नाही, विचारल्याशिवाय कळत नाही. अफुनाक्वा १९९८ साली वारली असं पुढे समजलं.

आता दुसरी कॅसेट.

दोन वर्षांपूर्वी आमच्या सोसायटीतला एक मुलगा, कॉम्प्युटरवर असंच संगीत करणारा, घरी आला होता. बोलता बोलता मी आजीच्या ओव्यांविषयी सांगितलं. पहाटे जात्यावर गायची ती. जातं घरातून गेल्यावरही नुसते हात फिरवून गायची. एका सुट्टीत मी हॉस्टेलवरचा टेपरेकॉर्डर घरी नेऊन तिचं अर्धा तास मुद्रण केलं होतं. मुलाचे डोळे चमकले. म्हणाला, "काका, मला द्या ना. खाली बास टाकतो, वर रिव्हर्ब. एकदम ट्रायबल वाटेल." पोरगा गुणी आहे, वाईट हेतू अजिबात नाही. पण माझ्या पोटात काहीतरी हललं. माझी आजी आणि ट्रायबल? मी जरा घुश्शातच त्याला अफुनाक्वाची सगळी गोष्ट सांगितली. पुण्यात हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी गावोगावच्या बायकांकडून लाखाच्या वर ओव्या जमवल्या आणि गाणारणीचं नाव, गाव लिहून ठेवलं, त्याच ओव्या २०१७ पासून 'पारी'च्या संकेतस्थळावर येऊ लागल्या, हेही सुनावलं. नाव-गावाशिवाय आवाज घ्यायचा नाही, वगैरे वगैरे. तो बिचारा 'बरोबर आहे काका' म्हणून चहा पिऊन गेला.

आणि आता खोकं उघडून बसलो तर माझ्याच अक्षरात काय लिहिलेलं? 'आजी, ओव्या'. तिचं नाव नाही, गाव नाही, तारीख नाही. त्या अंजुण्याच्या माणसाने 'ट्रायबल' लिहिलं, मी 'आजी' लिहिलं. मला तेव्हा पुरेसं वाटलं होतं, कारण मला माहीत होतं ती कोण. माझ्या मुलीला तिचं नाव माहीत नाही. तिच्या मुलांना तर ती कुठल्यातरी जुन्या टेपवरची एक बाईच असेल, दुरून गाणारी.

आईला फोन केला. आजीचं सासरचं नाव मला ठाऊक होतं, माहेरचं विचारून घ्यावं लागलं. आईलाही ते आठवायला क्षणभर लागला. गाव सांगितलं, आणि ओव्या बहुतेक तिकडच्याच, तिच्या आईकडून आलेल्या, हेही. ते सगळं मी कॅसेटच्या कागदावर लिहिलं. मग त्या मुलाला निरोप पाठवला की ये आणि घेऊन जा, बास टाक, रिव्हर्ब टाक, फक्त हा कागद सोबत ठेव.

अंजुण्याची कॅसेटही त्याच रात्री लावली. टेप जरा ताणली आहे, सूर मधूनच खाली घसरतो. तरी ती बाई गायला लागली आणि मी पुन्हा तसाच बुडालो. नाव कळल्याने काही कमी झालं नाही. खटका वाजल्यावर पेन घेतलं आणि 'ट्रायबल'च्या खाली लिहिलं: अफुनाक्वा, मलाइता.